पास कुणाला द्यायचा, ते कोण ठरवणार?

तालुक्याची शालेय फुटबॉल स्पर्धा कधी बघितलीय? ऐन पावसाळ्यात होते. मैदानाच्या एका कोपऱ्यात डबकं, गोलपोस्टला जाळी असली तर असली, आणि रेषेबाहेर उभे सर. सरांच्या तोंडात शिट्टी नसते तेव्हा एकच गजर चालू असतो: "पास दे! अरे पास दे! मार ना! पुढं मार!" मैदानात चौदा वर्षांचा एक पोरगा, पायात बॉल. समोर दोन डिफेंडर, डाव्या बाजूला मोकळा उभा असलेला मित्र. आणि पोरगा बघतो कुठं? सरांकडं.

तेवढ्या एका सेकंदात बॉल गेलेला असतो. सर कपाळावर हात मारतात, "डोकं वापरा रे!"

आता डोकं वापरायची वेळ त्याच्यावर आणली कुणी? निर्णय रेषेबाहेरून येत होता, पोरानं फक्त पाय पुरवायचे होते.

सरांवर राग काढायला हे लिहीत नाहीये. बऱ्याच शाळांत क्रीडाशिक्षक एकच असतो. कबड्डी त्याच्याकडं, खो-खो त्याच्याकडं, स्वातंत्र्यदिनाची परेड त्याच्याकडं. त्याला स्वतःला जसं शिकवलं गेलं तसंच तो शिकवतो. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगात फुटबॉल शिकवण्याची पद्धत पार बदलली, आणि तो बदल नेमका त्या एका सेकंदाभोवती फिरतो. बॉल पायात आल्यावर काय करायचं हे खेळाडूनं स्वतः बघून, स्वतः ठरवायचं. कोचचं काम उत्तर ओरडण्याचं नाही, तर प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येईल असा सराव लावून देण्याचं.

ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं, आपला सगळा सराव याच्या उलट बांधलेला आहे.

रांगेचा हिशेब

आपल्याकडं फुटबॉलचा सराव म्हणजे आधी मैदानाला पाच राउंड. मग रांग. वीस पोरं एकामागं एक. समोर प्लॅस्टिकचे कोन, नसले तर चपला. एकानं बॉल घेऊन त्यांच्यातून वळणं घेत जायचं, गोलवर मारायचं, बॉल आणून पुढच्याला द्यायचा. हिशेब करून बघा. एकाला पंधरा सेकंद धरले तर पुन्हा नंबर लागायला पाच मिनिटं. तासाभरात बारा वेळा. म्हणजे बॉल पायात तीन मिनिटं, आणि उरलेली सत्तावन्न मिनिटं पुढच्याला टपल्या मारण्यात.

बरं, त्या तीन मिनिटांत तो शिकतो काय? चपलेला चकवायला. चपला काही बॉल हिसकावायला येत नाही, पाय आडवा घालत नाही, डावीकडं जातेय असं दाखवून उजवीकडं वळत नाही. म्हणून रांगेत उत्तम ड्रिबल करणारा पोरगा सामन्यात भांबावतो आणि आपण म्हणतो, "मॅचमध्ये दडपण येतं याला." दडपण नाही हो, त्यानं असा पेपर कधी सोडवलाच नव्हता.

तीच वीस पोरं पाच-पाचच्या चार टीममध्ये वाटा. दोन छोटी मैदानं, दोन बॉल. आता रांग नाही, नंबर नाही. दर काही सेकंदांनी बॉल आपल्याकडं किंवा आपल्या शेजारच्याकडं येतो, आणि दर वेळी काही ना काही ठरवावं लागतं. म्हणूनच आता लहान मुलांना थेट अकरा-अकराच्या मैदानात उतरवत नाहीत. पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ अशा पायऱ्यांनी त्यांना वर नेतात.

आपल्या डोंगराळ भागाला तर हे फारच सोयीचं. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर शंभर मीटर सपाट जमीन शोधायला गेलात तर पलीकडच्या डोंगरावर जावं लागेल. पण पाच-पाचच्या खेळाला एखादं खळं पुरतं.

कबड्डी येते ना? मग प्रेसिंगही येतं

यूट्यूबवर बार्सिलोनाचा सराव बघितला असेल तर एक खेळ हमखास दिसला असेल. पाच-सहा जण गोल करून उभे, मध्ये एक-दोन जण. बाहेरच्यांनी बॉल फिरवत ठेवायचा, मधल्यांनी हिसकावायचा. ज्याचा पास चुकला तो मध्ये. याला म्हणतात रोंडो. योहान क्रायफ १९८८ मध्ये तिथं कोच म्हणून आला, तेव्हापासून हा पोरखेळ त्या क्लबच्या सरावाचा कणा झाला.

यात विशेष काय? बॉल यायच्या आधीच मान वळवून बघावं लागतं की कोण मोकळं आहे. उभं राहताना शरीर थोडं तिरकं ठेवावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. आणि ज्याच्याकडं बॉल नाही त्यालाही हलावं लागतं, कारण मधल्याच्या सावलीत उभं राहिलं तर पास येणारच नाही. बॉलवाल्याला डावीकडं एक, उजवीकडं एक, असा त्रिकोण सतत मिळायला हवा. टीव्हीवर तज्ज्ञ ज्याला ‘पोझिशनल प्ले’ म्हणतात त्याचं बाळबोध रूप हेच. गुंतागुंतीच्या आकृत्यांनी घाबरून जाऊ नका.

आता दुसरी बाजू. बॉल गेला की काय करायचं? जुनी पद्धत अशी, की मागं पळा, आपापल्या जागा धरा. नवी पद्धत सांगते, लगेच तुटून पडा. पेप गार्डिओलाच्या बार्सिलोनाचा पाच सेकंदांचा नियम प्रसिद्ध आहे. बॉल गेल्या क्षणी जवळचे सगळे झडप घालतात, पाच सेकंदांत नाहीच मिळाला तर मागं सरकतात. यामागचं कारण साधं आहे. ज्यानं नुकताच बॉल हिसकावलाय तो स्वतःच अजून सावरलेला नसतो, त्याची मान खाली असते. युर्गेन क्लॉपच्या लिव्हरपूलनं याच झडपेच्या जोरावर २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली.

पण झडप केव्हा घालायची? इथं आपल्या पोरांना शिकवायची फारशी गरज नाही. कबड्डीत चढाई करणारा समोर आहे तोवर साखळी सबुरीनं मागंपुढं होत असते. तो मध्यरेषेकडं वळला, पाठ झाली, की साखळी तुटून पडते. एकटा कोपरारक्षक उतावीळ झाला तर गुण जातो. सगळे एकदम गेले तर पकड. फुटबॉलचं प्रेसिंग अगदी असंच. समोरच्याचा बॉलवरचा ताबा जरा सुटला, त्याची पाठ आपल्या गोलकडं झाली किंवा तो रेषेजवळ अडकला, की तो इशारा. एकट्यानं धावण्यात अर्थ नाही, साखळीनं जायचं. नंदुरबारच्या कुठल्याही आश्रमशाळेतल्या पोरा-पोरींना हे "साखळी" म्हणून सांगा, दुसऱ्या मिनिटाला करून दाखवतील. त्यांनाच "हाय प्रेस ट्रिगर" म्हणून सांगितलं की पुन्हा नजर सरांकडं.

हैदराबादचे मास्तर

हे सगळं युरोपातून आलेलं आहे असं वाटत असेल तर जरा थांबा. ‘मैदान’ सिनेमा बघितला असेल, सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा. रहीमसाहेब पेशानं शाळामास्तर. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईतला रोव्हर्स कप उचलला. त्यांच्याच भारतीय संघानं १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर मिळवला. तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ च्या विजयात हॅट्‌ट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा. मग १९६२ ला जकार्ता एशियाडचं सुवर्ण, फायनलला दक्षिण कोरियावर २-१. त्या सामन्यात डोक्याला टाके असलेल्या जर्नैलसिंग या डिफेंडरला रहीमसाहेबांनी पुढं खेळवलं आणि त्यानं गोल केला.

पण आपल्या कामाची गोष्ट पदकांची नाही. रहीमसाहेब मुलांच्या विचित्र स्पर्धा भरवायचे. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायानं खेळायचं. दुसरीत ड्रिबलिंगला बंदी. म्हणजे बघा, "डावा पाय वापर" असं शंभर वेळा ओरडायचं नाही. खेळच असा लावायचा की डाव्या पायाशिवाय गत्यंतर नाही. ड्रिबलला बंदी म्हटल्यावर बॉल येण्याआधीच पुढचा पास शोधावा लागतो. आज परदेशी विद्यापीठांत या विचाराला ‘कन्स्ट्रेंट्स-लेड अ‍ॅप्रोच’ असं भारदस्त नाव आहे, त्यावर पुस्तकं आहेत, कोर्स आहेत. आपल्या मास्तरांनी हे नावाशिवायच केलं होतं. १९६३ मध्ये ते कॅन्सरनं गेले. भारताला एशियाडचं फुटबॉल सुवर्ण त्यानंतर पुन्हा मिळालेलं नाही.

या पद्धतीचा आपल्या जिल्ह्यात एक जादा फायदा आहे, ज्याचा विचार युरोपातल्या पुस्तकवाल्यांनी क्वचितच केला असेल. भाषा. घरी पावरी, भिली, मावची, कोकणी किंवा अहिराणी बोलणारं पोर शाळेत येतं. तिथं मराठी पुस्तकातली. आणि मैदानावर कोचची तिसरीच: "विंगला ओपन हो, डायगोनल रन कर." यात ते पोर हरवलं तर नवल काय? पण "डाव्या पायानं मारलेला गोल दोनदा मोजणार" हे बोटांनीही सांगता येतं. बाकी सगळं खेळ सांगतो. जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, तो पाच-पाचच्या खेळात कुणाला कुठं पळायचं हे आपल्या भाषेत ओरडून सांगत असतो. तेव्हा कोचनं गप्प बसावं, हेच उत्तम कोचिंग.

सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला

आता जरा बोचणारा विषय. टीम निवडतात कशी? रांगेत उभं करून. उंच, दांडगी, जोरात पळणारी पोरं बाजूला काढली जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी हे नैसर्गिक वाटतं, आणि स्पर्धा जिंकायची असेल तर फायद्याचंही असतं. पण त्या वयात उंच असणं म्हणजे अनेकदा फक्त लवकर वाढणं. युरोपातल्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त दिसतात, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवलंय. कारण एकाच वयोगटात जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असतं. निवडणाऱ्याला ते ‘टॅलेंट’ दिसतं.

आपल्याकडं हा हिशेबही करता येत नाही, कारण गावातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख. खरं वय सहा महिने इकडं की दीड वर्ष तिकडं, आईलाही पावसाळ्यावरून आठवावं लागतं. त्यात कुपोषणाच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येतंय. लहानपणी पोटाला कमी पडलेलं पोर बाराव्या वर्षी बुटकंच दिसणार. त्याला त्याच वर्षी बाहेर काढलं तर सोळाव्या वर्षी ते काय झालं असतं, हे कधीच कळत नाही. मला विचाराल तर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गळती इथंच होते, आणि ती कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिली जात नाही.

बेल्जियमनं यावर एक उपाय केला. २००० सालच्या युरो स्पर्धेत घरच्या मैदानावर पहिल्या फेरीतच गारद झाल्यावर त्यांनी मुलांचं फुटबॉल मुळापासून बदललं. लहान मैदानं, छोटे सामने आले, आणि अगदी लहान गटांत गुणतक्तेच बंद झाले. शिवाय उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक वेगळा राष्ट्रीय संघ काढला. आज बुटका आहे, उद्यासाठी राखून ठेवलाय, असा. २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये बेल्जियम तिसरा आला.

त्याच वर्षी बॅलन डी’ऑर मिळवणारा क्रोएशियाचा लुका मॉड्रिच. वेलेबित डोंगरात शेळ्या हाकणाऱ्या चिमुकल्या लुकाचं चित्रण आजही बघायला मिळतं. पुढं युद्धात आजोबा मारले गेले, कुटुंब निर्वासित झालं, आणि पोरगा झादरमधल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये बॉल खेळत वाढला. हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबनं त्याला नाकारलं, कारण फार लहानखुरा. तोरणमाळच्या रस्त्यावर शेळ्यांमागं दगड लाथाडत जाणारं पोर बघितलं की मला हे आठवतं. प्रत्येक शेळीवाला मॉड्रिच होत नाही, हे मलाही कळतं. पण नाकारण्याचं कारण दोन्हीकडं एकच असतं.

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं गेलेलं उदाहरणही आपल्यासमोर आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक, पोरगा पुण्याच्या प्रबोधिनीत, आणि २०१७ मध्ये थेट भारताच्या १७ वर्षांखालील वर्ल्डकप संघात. म्हणजे वाट आहे. पण त्याच्यामागं कोल्हापूर होतं. तिथं तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला तोबा गर्दी होते, आणि पेठेतला आजोबाही "ऑफसाइड!" म्हणून भांडतो. पोर तिथं फुटबॉल बघत बघतच शिकतं. आपल्याकडं प्रबोधिनीच्या चाचणीला जाणारं पोर धाव, उडी, उंची, वजन घेऊन जातं. खेळ बघितलेला असतो मोबाइलवर, नेटवर्क असेल तेव्हा.

तीन बॉल आणि एक सुई

१५ सप्टेंबर २०१७ आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेतच असाल. वर्ल्डकपच्या निमित्तानं राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ झालं होतं. एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थी फुटबॉल खेळणार, अशी घोषणा होती. शाळांना बॉल मिळाले. फोटो निघाले. पुढं काय झालं ते तुम्ही तुमच्या शाळेचं सांगा. ज्या दोन-तीन शाळांमध्ये मी विचारलं, तिथं उत्तर एकच: हवा गेली, पंपाची सुई हरवली, बॉल कपाटात. दहा-वीस रुपयांची सुई.

बॉल नव्हताच, असं नाही. बॉल घेऊन रोज संध्याकाळी उभं राहणारं माणूस नव्हतं. २०१६-१८ च्या सुमारास आइसलँडची लोकसंख्या होती सव्वातीन-साडेतीन लाख. २०११ च्या जनगणनेनुसार आपला जिल्हा साडेसोळा लाखांच्या आसपास, म्हणजे त्यांच्या पाचपट. त्या देशानं २७ जून २०१६ रोजी युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ नं हरवलं, आणि दोन वर्षांनी वर्ल्डकपच्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला १-१ रोखलं. त्यांच्याकडं पैसा आहे, बर्फातही खेळता येईल असे बंदिस्त हॉल आहेत. ती बरोबरी आपण करू नये. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. शेकडो कोच तयार केले, आणि सहा-सात वर्षांच्या पोरांनाही शिकलेलाच कोच दिला. त्या वर्ल्डकप संघाचा प्रशिक्षक हाइमिर हॉलग्रिमसन पेशानं दातांचा डॉक्टर होता!

म्हणजे कोच व्हायला आधी मोठा खेळाडू असावं लागतं, असं काही नाही. आपल्याकडं एआयएफएफच्या लायसन्सची शिडी आहे. डी, मग सी, बी, ए. डी लायसन्सचा कोर्स काही दिवसांचाच असतो, पण बहुतेकदा मोठ्या शहरांत भरतो, आणि नंदुरबारहून तिथं जाऊन राहायचं म्हणजे फीपेक्षा राहण्या-खाण्याचा खर्च जड. हा कोर्स एकदा तरी इथं, जिल्ह्यात भरावा म्हणून कॉलेजांनी मिळून मागणी करायला काय हरकत आहे?

तोवर लायसन्ससाठी थांबायचं कारण नाही. शनिवारी गावी जाता ना? दोन बॉल, चार विटा आणि संध्याकाळचा एक तास. आधी दहा मिनिटं रोंडो. मग पाच-पाच, आणि प्रत्येक शनिवारी एकच नियम. पहिल्या आठवड्यात गोल करण्याआधी टीममधल्या सगळ्यांचा बॉलला पाय लागला पाहिजे. पुढच्या आठवड्यात बॉल गेल्यावर पाच सेकंदांत परत मिळवला तर एक गुण. मग कमजोर पाय. मोठी पोरं धाकट्यांना चेपायला लागली तर उंचीनुसार गट पाडा, इयत्तेनुसार नाही. मुलींना वेगळं "नंतर" म्हणून ठेवू नका, त्यांचं नंतर कधी येत नाही.

नियम फसतातही, हे आधीच सांगतो. "सगळ्यांचा पाय लागला पाहिजे" म्हटलं की एखादा वस्ताद पोरगा गोलजवळच उभा राहतो, बॉलला अंगठा लावतो आणि पुन्हा तिथंच. तेव्हा चिडू नका, त्यानं नियमातली फट शोधली म्हणजे त्याचं डोकं चालतंय. पुढच्या वेळी तुम्ही नियम बदला. पण एका वेळी तीन-तीन नियम लावले की खेळाचा तास गणिताचा होतो, आणि पोरं दुसऱ्या शनिवारी येत नाहीत.

खरी अडचण दिवाळीनंतर. शालेय स्पर्धा संपलेल्या असतात, आणि ऊसतोडीला गुजरातकडं किंवा घाटावर निघालेल्या गाड्यांमध्ये तुमची अर्धी टीम आईबापांसोबत बसून गेलेली असते. ऑगस्टमध्ये चौदा होते, डिसेंबरात पाच उरतात. जी गेली ती थेट उन्हाळ्यात परत येतील, काही येणारही नाहीत. लेफ्ट बॅक कुठल्याशा फडावर मोळ्या बांधत असतो आणि इकडं आपण ‘खेळाडू विकास’ म्हणतो. यावर फुटबॉलच्या पुस्तकात उत्तर नाही. एवढंच, की राहिलेल्या पाचांची अकराची टीम होत नाही म्हणून सराव बंद करू नका. चार जण बाहेर, एक मध्ये. रोंडोला पाच पुरतात. थंडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा साडेपाचलाच सुरू करा, आणि सुई खिशात ठेवा.